संगणकाच्या कामातही माप एकच हवे

कापडाच्या बाजारात ज्याने चार वर्षे काढली आहेत, त्याला लॉटचे महत्त्व सांगावे लागत नाही. एकाच रंगाचे दोन ताके दुकानाच्या दिव्याखाली सारखेच दिसतात. पण ते वेगवेगळ्या लॉटमध्ये रंगलेले असतील तर शिवून झाल्यावर उन्हात फरक उघडा पडतो. म्हणून जाणता शिंपी एका सुटाचे कापड एकाच लॉटमधून मागतो आणि जाणता दुकानदार लॉट नंबर पाहूनच ताक्याला कात्री लावतो. ही साधी दक्षता संगणकाच्या धंद्यात मात्र पुष्कळ ठिकाणी पाळली जात नाही, असे आमच्या पाहण्यात आले आहे. आज आमच्या व्यापारी व कारागीर कुटुंबांतील कितीतरी मुले या धंद्यात आहेत आणि आपली बिले, स्टॉक व उधारीचे हिशेबही त्याच धंद्याच्या भरवशावर चालतात. सबब हा विषय केवळ त्या मुलांचा आहे असे समजून सोडून देणे योग्य नव्हे.

तक्रार थोडक्यात अशी. चार मुले मिळून एक काम करतात. एकाच्या संगणकावर ते नीट चालते, दुसऱ्याच्या संगणकावर अडते आणि तिसऱ्याच्या संगणकावर चालते खरे, पण उत्तर निराळे देते. प्रत्येक जण म्हणतो, “माझ्याकडे तर बरोबर चालतंय!” तिघेही खरे बोलत असतात. दोष त्यांच्या हुनरात नसून मापात असतो.

दुभाषा म्हणजे काय?

पायथॉन, पीएचपी, रूबी, जावास्क्रिप्ट या ज्या भाषा आहेत, त्यांना स्क्रिप्टिंग भाषा म्हणतात. ‘सी’सारख्या भाषेत लिहिलेल्या कामाचा तर्जुमा अगोदरच पुरा केला जातो आणि यंत्राला समजेल असा तयार माल ग्राहकाच्या हाती पडतो. स्क्रिप्टिंग भाषेत तसे नसते. तेथे मुलाने लिहिलेला मजकूरच ग्राहकाकडे जातो आणि ग्राहकाच्या संगणकावर बसलेला इंटरप्रिटर नावाचा दुभाषा तो मजकूर वाचून यंत्राकडून काम करून घेतो. उर्दूत आपण ज्याला तर्जुमान म्हणतो, तोच हा.

येथेच सारी गोम आहे. मजकूर आपण दिला, पण दुभाषा ज्याचा त्याचा! हा दुभाषाही कायम एकच राहत नाही. त्याच्या आवृत्त्या निघतात. नव्या आवृत्तीत काही शब्द वाढतात, काही जुने शब्द काढून टाकले जातात आणि काही शब्दांचा अर्थच बदलतो. मजकुराचा एक कानामात्राही न बदलता निकाल बदलतो तो यामुळे.

दोन दुभाषे, दोन बिले

या प्रकारचे सर्वांत मोठे उदाहरण पायथॉनचे आहे. नेदरलँड्सच्या गिडो व्हॅन रॉसम यांनी ही भाषा १९९१ मध्ये प्रथम लोकांपुढे ठेवली. डिसेंबर २००८ मध्ये तिची ३.० आवृत्ती निघाली. त्यात जुन्या उणिवा दूर करण्यासाठी मुद्दामच असे बदल केले होते की, जुना मजकूर जसाच्या तसा नव्यावर चालणार नाही. पण जुन्याचा संसार मोठा होता. म्हणून जुलै २०१० मध्ये जुन्या घराण्याची २.७ आवृत्ती काढावी लागली. तिची मुदत आधी २०१५ पर्यंत होती, ती २०१४ मध्ये वाढवून २०२० पर्यंत नेण्यात आली. म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ एकाच नावाचे दोन दुभाषे बाजारात वावरत होते.

त्यांच्यात फरक काय, ते व्यापाऱ्याच्या भाषेत पाहू. सात ताके दोघांत वाटायचे आहेत. सातला दोनने भागा म्हटले तर जुना दुभाषा सांगतो ३, नवा सांगतो ३.५. जुना खोटे बोलत नाही. पूर्ण आकड्याला पूर्ण आकड्याने भागले तर उत्तरही पूर्ण आकड्यातच द्यायचे आणि अपूर्णांक सोडून द्यायचा, अशी त्याची रीत होती. पण अर्धा ताका हिशेबातून गेला तो गेलाच.

याहून बारीक गोष्ट पैशांच्या पूर्णांकाची आहे. समजा, आपण परराज्यातील ग्राहकाला १२,८५० रुपयांचे कापड विकले. त्यावर ५ टक्के आयजीएसटी ६४२ रुपये ५० पैसे होतो. हा आकडा जवळच्या रुपयावर आणण्यासाठी पायथॉनमध्ये ‘राउंड’ नावाची सोय आहे. जुना दुभाषा त्याचे ६४३ करतो. नवा दुभाषा ६४२ करतो, कारण नेमका अर्धा उरला तर जवळच्या सम संख्येकडे जायचे, असा त्याचा नियम आहे. शास्त्रीय कामात हा नियम चांगला, कारण हजारो आकडे जमवताना चूक एकाच बाजूला साठत नाही. पण २०१७ च्या केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम १७० स्पष्ट सांगते की, ५० पैसे किंवा त्याहून अधिक असतील तर पुरा रुपया धरावा. म्हणजे कायद्याने ६४३ आणि नव्या दुभाष्याच्या ‘राउंड’ने ६४२!

आमच्या पेढीची बिले जी लहान संस्था सांभाळत असे, तिच्या दोन मुलांत २०१९ साली याच एका रुपयावरून अर्धा दिवस वाद झाला. दोघांनी एकमेकांचा मजकूर ओळीओळीने तपासला. तो एकच होता. दुभाष्याची आवृत्ती कोणती, हे मात्र शेवटपर्यंत कोणी विचारले नाही. शेवटी संस्थेच्या बाहेरच्या एका जाणकाराने दोन्ही संगणकांवर एकेक ओळ टाइप करून दाखवली. एका ठिकाणी २.७ निघाले, दुसरीकडे ३.६. अर्धा दिवस वाया गेला त्याची किंमत कोणाच्याही वहीत लिहिली गेली नाही. पण ती कोणीतरी भरलीच.

देवनागरी आणि उर्दू लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. ‘कापड’ हा शब्द यूटीएफ-८ पद्धतीने साठवला तर त्याला १२ बाइट जागा लागते. जुन्या पायथॉनला साध्या रीतीने या शब्दाची लांबी विचारली तर तो जागा मोजून १२ सांगे. नवा चिन्हे मोजून ४ सांगतो. उर्दू लिपीतील ‘कपडा’ चार अक्षरांचा, पण जुन्याच्या मापाने ८. बिलावर ग्राहकाच्या नावासाठी वीस अक्षरांची जागा ठेवली असेल, तर इंग्रजी नाव पुरे छापले जाई आणि आपले नाव मध्येच तुटे, ते अशा कारणाने.

पायथॉन एकटीच अशी नाही. दुकानांच्या वेबसाइट ज्या पीएचपी भाषेत बहुत करून लिहिल्या जातात, तिच्या ७.० आवृत्तीत डिसेंबर २०१५ मध्ये मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलण्याची जुनी फंक्शने काढून टाकण्यात आली. ज्यांच्या साइट त्यावर उभ्या होत्या, त्या नव्या आवृत्तीवर जाताच बंद पडल्या. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये ८.० आली. तोवर शून्य आणि ‘उधार’सारखा शब्द यांची सैल तुलना केली तर पीएचपी दोन्ही सारखे म्हणे. ८.० पासून ते वेगळे ठरतात. नवी रीतच शहाणपणाची आहे यात शंका नाही. पण जुन्या रीतीवर कोणाचा हिशेब उभा असेल तर तो गुपचूप बदलतो.

वाचकांनी हा भेद नीट लक्षात ठेवावा. काम बंद पडते ते नुकसान लहान, कारण ते लगेच दिसते. काम चालू राहून उत्तर बदलते ते नुकसान मोठे.

फरक पडतो कसा?

कोणी मुद्दाम वेगळी आवृत्ती घेत नाही. संगणकासोबत जी येते तीच वापरली जाते. उबुंटू ही व्यवस्था घ्या. तिच्या २०२० च्या आवृत्तीसोबत पायथॉन ३.८ येते, २०२२ च्या सोबत ३.१० आणि २०२४ च्या सोबत ३.१२. ॲपलच्या संगणकात पूर्वी २.७ आपोआप असे. मार्च २०२२ च्या १२.३ या सुधारणेनंतर ते काढून टाकले गेले. म्हणजे ज्या मुलाने संगणक ज्या वर्षी घेतला, त्या वर्षाचा दुभाषा त्याच्या नशिबी येतो.

आता गंमत पाहा. ज्याच्याकडे ३.१० आहे तो त्या आवृत्तीत नव्याने आलेली ‘मॅच’ ही रचना वापरतो. ३.८ वाल्याकडे ती ओळ वाचताच दुभाषा अडतो. उलट एखादे जुने पॅकेज ‘डिस्टयुटिल्स’ या भागावर अवलंबून असते. तो भाग ऑक्टोबर २०२३ च्या ३.१२ मधून काढून टाकला आहे. म्हणून ते ३.८ वर चालते आणि ३.१२ वर मोडते. सारांश, नवे घेतले म्हणजे सुटलो असे नाही आणि जुने धरून बसलो म्हणजे वाचलो असेही नाही.

चार उपाय आणि त्यांचा तोल

पहिला उपाय सर्वांचे संगणक एकसारखे करण्याचा. हा ऐकायला सोपा आहे, पण टिकत नाही. एका पेढीकडे दोन ग्राहक असतात. एकाचे काम ३.९ वर, दुसऱ्याचे ३.१२ वर. मग संगणक कोणत्या मापाचा करावा? शिवाय लिनक्समध्ये यंत्राची स्वतःची काही कामे सोबत आलेल्या पायथॉनवरच चालतात. उत्साहाच्या भरात ते काढून दुसरे बसवले तर संगणकच अडचणीत येतो. घराच्या पाणवठ्यावर कारखान्याचा रंग कालवू नये, तसेच हे आहे.

दुसरा उपाय सर्व आवृत्त्यांवर चालेल असा मजकूर लिहिण्याचा. जे लोक साऱ्या जगासाठी पॅकेज बनवतात, त्यांना हे करावेच लागते. पायथॉन २ आणि ३ या दोन्हींवर चालण्यासाठी ‘सिक्स’ नावाचे साहित्य याच गरजेतून निघाले. दोन गुणिले तीन सहा, म्हणून ते नाव. पण एका दुकानाच्या बिलासाठी ही दुप्पट मेहनत परवडत नाही.

तिसरा उपाय आवृत्ती कामासोबत लिहून ठेवण्याचा. ‘पायएन्व्ह’ नावाचे विनामूल्य साधन एकाच संगणकावर पायथॉनच्या अनेक आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवते. प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये एका ओळीची छोटी फाइल असते. तिच्यात फक्त ‘३.१२.४’ एवढेच लिहिलेले असते. त्या फोल्डरमध्ये काम सुरू केले की तोच दुभाषा पुढे येतो. दुसऱ्या ग्राहकाच्या फोल्डरमध्ये गेले की दुसरा. रूबीसाठी ‘आरबीएन्व्ह’ आणि नोडसाठी ‘एनव्हीएम’ ही साधने हेच काम करतात. याच्या जोडीला २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून पायथॉनमध्येच ‘व्हेन्व्ह’ची सोय आहे. तिच्यामुळे प्रत्येक कामाची पॅकेजे आपापल्या कपाटात राहतात आणि एकमेकांत मिसळत नाहीत. त्या पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्याही एका यादीत बांधून ठेवाव्यात, कारण फरक केवळ दुभाष्याचाच नसतो, त्याच्या साहित्याचाही असतो.

चौथा उपाय डॉकरचा. २०१३ मध्ये लोकांपुढे आलेल्या या साधनाने दुभाषा, साहित्य आणि मजकूर हे सारे एका पेटीत बांधून ती पेटीच दुसरीकडे चालवता येते. उपाय पक्का आहे. पण विंडोज किंवा ॲपलच्या संगणकावर त्यासाठी आतमध्ये एक लिनक्स चालवावे लागते. मेमरी आणि जागा लागते. जुन्या, सेकंडहँड लॅपटॉपवर शिकणाऱ्या मुलाला ते जड जाते.

आमचे मत असे की, तिसरा उपाय ही प्रत्येक पेढीची किमान शिस्त असावी आणि चौथा उपाय माल ग्राहकाच्या सर्व्हरवर पोहोचवताना वापरावा. मात्र यातले कोणतेही साधन घेतले तरी मूळ तत्त्व एकच राहते. माप कामासोबत राहावे, कारागिरासोबत नव्हे. रंगाचा नुस्खा एकट्या रंगाऱ्याच्या डोक्यात असेल तर तो गावी गेला की कारखान्याचा रंग बदलतो. तोच नुस्खा वहीत असेल तर नवा रंगारी तोच रंग काढतो. आवृत्तीची फाइल ही ती वही आहे.

नेहमीचे तीन आक्षेप

काही जण म्हणतात, “चालते आहे ते चालू द्या, हात कशाला लावता?” त्यांना आमचे सांगणे असे की, माप पक्के करणे म्हणजे त्याचे लोणचे घालणे नव्हे. पायथॉन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली. एप्रिल २०२० मध्ये २.७.१८ ही शेवटची आवृत्ती निघाली आणि दुकान बंद झाले. त्यानंतर तीत एखादे भोक सापडले तरी मूळ कर्त्यांकडून ते बुजवले जात नाही. २०२० पासून पायथॉनची नवी आवृत्ती दर वर्षी ऑक्टोबरात निघते आणि प्रत्येकीला सुमारे ५ वर्षे संरक्षण मिळते. ऑक्टोबर २०२० ची ३.९ आवृत्ती २०२५ च्या ऑक्टोबरात मुदतीबाहेर गेली. तेव्हा वर्षातून एक दिवस ठरवावा. त्या दिवशी सर्वांनी एकत्र आवृत्ती वाढवावी, फाइलमधील एक ओळ बदलावी आणि जुनी पंचवीस बिले नव्यावर चालवून आकडे ताडून पाहावेत. एकट्याने केव्हाही वाढवू नये.

दुसरा आक्षेप हुनरमंद मुलांचा असतो. माझा संगणक, माझी पसंती, असे ते म्हणतात. संगणक त्यांचा आहे हे मान्य. त्यावर काय वाचावे, काय शिकावे, कोणती नवी आवृत्ती आजमावून पाहावी, याला कोणी हरकत घेऊ नये. पण काम ग्राहकाचे आहे. कारागिराच्या घरी स्वतःचा गज कितीही आवडीचा असला तरी दुकानातील कापड दुकानाच्याच मापाने मोजले जाते.

तिसरा आक्षेप पैशांचा आहे आणि तो खरा आहे. ही व्यवस्था लावायला दोन-तीन दिवस लागतात. दर वर्षीच्या तपासणीलाही दिवस जातात. ग्राहक त्याचे पैसे देत नाही म्हणून पेढी ते करीत नाही. येथे आम्ही आपल्या व्यापारी बांधवांनाच दोष देतो. आपण मालाच्या दरात घासाघीस करतो, ते ठीक. पण देखभालीचा खर्च कापून टाकतो आणि पुढे बिल चुकले की त्याच मुलाला जबाबदार धरतो. हे न्यायाचे नाही. देखभालीची वेगळी रक्कम ठरवावी आणि ती वेळेवर द्यावी. पेढीच्या मालकानेही हा वेळ मुलांच्या रात्रीतून न काढता कामाच्या तासांत द्यावा.

व्यापाऱ्याने काय विचारावे?

आपल्या देशात वजनमापांचा मेट्रिक कायदा १९५६ मध्ये झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने तो लागू होत गेला. गज ३६ इंचांचा, मीटर सुमारे ३९.३७ इंचांचा. शंभर मोजले की फरक नऊ गजांहून अधिक पडतो. अशा संक्रमणात तंटा वाचवायचा तर एकच मार्ग असतो. आकड्यापुढे माप कोणते, ते बिलावर लिहायचे. संगणकाच्या कामालाही हेच लागू आहे.

त्यासाठी आपल्याला संगणक येण्याची जरुरी नाही. काम देताना तीन प्रश्न विचारावेत. हे काम कोणत्या भाषेच्या कोणत्या आवृत्तीवर बनले आहे? ती आवृत्ती कामासोबत कोठे लिहिली आहे, ते दाखवाल काय? आणि तिची मुदत संपण्यापूर्वी ती कोण वाढवील व किती पैशांत? ही तिन्ही उत्तरे करारावर लेखी घ्यावीत. जो पहिल्याच प्रश्नाला “सगळीकडे चालते” असे उत्तर देईल, त्याच्यापुढे १२,८५० रुपयांवर ५ टक्क्यांचे बिल ठेवावे. ६४३ आले तरी “दुसऱ्या संगणकावर करून दाखवा” म्हणावे. तेथेही ६४३ आले आणि पूर्णांकाचा नियम दुभाष्यावर न सोडता मजकुरातच स्पष्ट लिहिलेला त्याने दाखवला, तर त्या मुलाला काम द्यावे आणि दरात फार ओढाताण करू नये.

आमच्या मुलांना भांडवल कमी मिळते, ओळखी कमी असतात. त्यांचे पहिले काम हीच त्यांची ओळख ठरते. त्या कामाची पत एका न लिहिलेल्या आकड्यापायी जाऊ नये. ज्यांच्या घरी या धंद्यातील मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनी हा अंक त्यांच्या हाती द्यावा आणि आपल्या चालू कामाच्या फोल्डरमध्ये ती एका ओळीची फाइल आहे काय, एवढे विचारून पाहावे. नसेल तर ती आजच लिहून घ्यावी. तिला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.